पोरांची गाडी आणि आपली सरी



गेल्या हंगामात आमच्या गटातील एका शाळेचे चार विद्यार्थी, दोन मुले व दोन मुली, वीतभर लांबीची एक गाडी घेऊन आमच्याकडे आले. चार चाके, बॅटरी, आणि हाकणारा कोणी नाही. त्यांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. केंद्र शासनाने २०१६ साली ही योजना सुरू केली. शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीची पोरे स्वतःच्या हाताने यंत्रे जोडतात. मुलांचे मागणे एवढेच, की गाडी उसाच्या सरीतून चालवून पाहू द्या.

शाळेच्या फरशीवर ती झकास चालते. तिच्या पोटाखाली अवरक्त किरणांचे सेन्सर आहेत. पांढऱ्या फरशीवरून किरण परत येतात, काळ्या पट्टीत जिरतात. त्यावरून ती पट्टी धरून वळणे घेते. आपल्या शेतात मात्र जमीनच काळी! गाडीला जिकडेतिकडे पट्टीच दिसली आणि ती जागच्या जागी गरगर फिरली. त्यात दुपारचे ऊन. उन्हातही तेच किरण असतात, त्यामुळे सेन्सर पार गोंधळले. बांधावरचे एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, या पोट्ट्यायची गाडी ऊस तोडाले येईन का जी?" सगळे हसले. आम्हीही हसलो, ते आमचे चुकलेच.

महिन्याभराने पोरे परत आली. आता गाडीच्या दोन्ही बाजूंना आवाजाचे सेन्सर होते. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो उसावर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. वटवाघूळ हेच करते. दोन्हीकडचे अंतर सारखे राखले की गाडी सरीच्या मधोमध. पण वाऱ्याने पाचट हलले की आकडा भलताच यायचा. तेव्हा त्यातल्या एका मुलीने प्रोग्रॅम बदलला: पाच वेळा मोजायचे आणि मधला आकडा धरायचा. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहताना आम्हीही एका उसावर विसंबत नाही! त्या दिवशी पाच फुटी सरीतून गाडी वीस-पंचवीस पावले बिनचूक गेली. शेजारच्या अरुंद सरीत शिरली ती पाचटात गुंतून बसली. पाच फुटी सरीसाठी आम्ही किती वर्षे घसा कोरडा करतो आहोत, ते सभासदांस ठाऊकच आहे.

ही गाडी ऊस तोडणार नाही, हे आम्ही लिहून देतो. तोडणीच्या टोळीची वाट पाहणे त्याने टळत नाही. पण वाढलेल्या उसात शिरून ओल आणि कीड पाहणे किती जिकिरीचे असते, पात्याने हात कसे कापतात, हे तुम्हास सांगावयास नको. ते काम उद्या असली गाडी करू शकेल. मात्र ती आपल्या मातीत शिकली तरच. गांधीजी सेवाग्रामी राहावयास येण्याआधी, १९२९ साली, चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस लावले होते. अट अशी, की किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि तो खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अट मात्र योग्यच होती. पुण्यात २००८ साली आशियातील विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा झाली, तिचा खेळ आपल्या दहीहंडीवरून घेतलेला होता. दहीहंडी चालते, तर उसाची सरी का नको?

आता मनाला लागलेली गोष्ट. प्रोग्रॅम बदलणारी ती मुलगी संघात राहिलेली नाही. वडील आपले सभासद आहेत. त्यांनी सांगितले, परतायला अंधार होतो, आणि खेळण्याने का पोट भरते? अंधाराची काळजी आम्हाला पटते, आम्हालाही मुली आहेत. खेळण्याचे म्हणणे मुळीच पटत नाही. तेव्हापासून गाडी कपाटावर आहे, कारण तो प्रोग्रॅम तिलाच उमगतो.

कारखान्याच्या बेणे मळ्यातील अर्धा एकर या मुलांना द्यावा, बंद हंगामात वर्कशॉपच्या फिटरने त्यांना हात द्यावा आणि सायंकाळी गटाच्या जीपने मुलींना घरी पोचवावे, असा अर्ज आम्ही संचालक मंडळाकडे दिला आहे. वार्षिक सभेत विषय निघाल्यास सभासदांनी तो हसण्यावारी नेऊ नये, ही नम्र विनंती. त्या मुलीच्या वडिलांकडे आम्ही येत्या रविवारी जात आहोत.