तीन हजार मैलांचं स्टिकर

गेल्या कोजागिरीला मसाला दूध पिऊन सगळे पांगत असताना पार्किंग लॉटमध्ये एक छोटासा वाद रंगला. आमच्या एका काकांच्या २०१६ च्या कॅमरीच्या काचेवर कोपऱ्यात ऑइल चेंजच्या दुकानाचं स्टिकर होतं: पुढचा ऑइल चेंज तीन हजार मैलांनी. माझ्याच वयाचा एक मित्र हसून म्हणाला, "काका, अजून तीन हजार मैल पाळता? मी तर दिवा लागेपर्यंत बघतसुद्धा नाही." काका म्हणाले, "अरे, एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली पहिली गाडी घेतली तेव्हापासून पाळतोय. एकही इंजिन गेलं नाही माझं." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण मी पुण्यात मेकॅनिकल शिकलो आहे. पोट सॉफ्टवेअरवर भरतो ही गोष्ट अशा वेळी कुणी लक्षात घेत नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात राहून गाडीबद्दल लिहायचं म्हणजे काशीत बसून गंगेचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे. आपल्या मंडळातले निम्मे सभासद गाड्यांच्या कंपन्यांत आहेत. तरीही लिहितो, कारण घरी येऊन दोघांच्या गाड्यांचा हिशोब मांडला, तेव्हा ते स्टिकर दोघांच्याही बाबतीत चुकीचं निघालं, आणि तेही उलटसुलट दिशांनी.

आधी मित्राचं पाहू. त्याची गाडीही टोयोटाच, शून्य-डब्ल्यू-वीस सिंथेटिक तेलावर चालणारी. रोज जाऊन-येऊन सत्तर मैल, बहुतेक सगळे फ्रीवेवर. वर्षाला साडेसतरा हजार मैल. स्टिकरप्रमाणे वर्षातून सहा वेळा तेल बदलायला हवं. कंपनीचं मॅन्युअल म्हणतं दहा हजार मैल किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. म्हणजे वर्षाला दोन वेळा पुरे. आमच्या भागात सिंथेटिक ऑइल चेंजला साधारण ऐंशी डॉलर पडतात. चार फेऱ्या वाचल्या की वर्षाला ३२० डॉलर, आणि घरात तशाच दोन गाड्या असतील तर दुप्पट. हे पैसे मुलांच्या पाचशेएकोणतीस खात्यात गेले तर कुणाची तक्रार असणार नाही.

आता काकांचं. काका निवृत्त आहेत. देऊळ, लायब्ररी, ग्रोसरी आणि मुलीचं घर, सगळं पाच मैलांच्या आत. वर्षाला जेमतेम चार हजार मैल. स्टिकर पाळलं तर तेल नऊ महिन्यांनी बदलेल. पण त्याच मॅन्युअलमध्ये 'विशेष परिस्थिती' असा एक भाग आहे. गोठणबिंदूखालच्या थंडीत वारंवार पाच मैलांपेक्षा कमी फेऱ्या, धुळीचे रस्ते, ट्रेलर ओढणं, बराच वेळ इंजिन नुसतं चालू ठेवणं, अशी गाडी वापरत असाल तर पाच हजार मैल किंवा सहा महिने. मिशिगनच्या हिवाळ्यात काका नेमके त्यातच बसतात. म्हणजे जे तीन हजारांचं व्रत त्यांनी इतकी वर्षं अभिमानानं पाळलं, ते आताच्या वापराला उलट उशिराचं आहे.

कारण सोपं आहे. इंजिन पूर्ण तापलं नाही तर जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथेच राहतं. लांब फेरी झाली की ते उडून जातं, पाच मिनिटांच्या फेरीत जात नाही. होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनात, २०१७-१८ च्या सीआर-व्ही आणि त्याच सुमाराच्या सिव्हिकमध्ये, थंड राज्यांत हाच प्रकार इतका झाला की डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वर चढू लागली. कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं आणि वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २०२० नंतर घरून काम करणारे आपल्यातले कितीतरी जण वयानं तिशीतले असले तरी गाडीच्या दृष्टीनं काकांच्याच वर्गात आले आहेत. "गाडी चाललीच नाही, मग तेल कशाला बदलायचं?" हा प्रश्न मीही दोन वर्षं स्वतःला विचारत होतो. मैल नाही भरले, पण महिने भरले होते.

मग हा तीन हजारांचा आकडा आला कुठून? साध्या खनिज तेलाच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात तो शहाणपणाचा होता. तेल सुधारलं, इंजिनं सुधारली, आकडा मात्र काचेवरच राहिला. कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा व पुनर्वापर खात्यानं तर या आकड्याविरुद्ध लोकांना जागं करण्याची मोहीमच काढली होती, कारण विनाकारण बदललेलं तेल शेवटी कुठेतरी टाकलंच जातं.

पण माझ्या मित्रानं फार खूष होऊ नये. त्यानं ज्या दिव्याची वाट पाहायची म्हटलं, तो लाल रंगाचा तेलाच्या झारीचा दिवा 'तेल बदला' असं सांगत नाही. तो सांगतो की तेलाचा दाब गेला आहे. तो लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, पुढच्या एक्झिटपर्यंतसुद्धा जायचं नाही. तेलाचं आयुष्य टक्क्यांत दाखवणारी यंत्रणा वेगळी. होंडात ती पंधरा टक्क्यांवर आठवण करून देते. जनरल मोटर्सनं अशी पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी आणली, आणि गंमत म्हणजे त्यात तेल तपासणारं काहीच नव्हतं. इंजिनाचे फेरे आणि तापमान मोजून प्रोग्रॅम हिशोब करतो. सॉफ्टवेअरवाल्याला याचं कौतुक वाटणारच, पण प्रोग्रॅमला तेलाची पातळी कळत नाही. डिपस्टिक महिन्यातून एकदा आपणच बघायची.

तेल ताणण्याचा परिणाम काय होतो, हे आपल्या लोकांच्या लाडक्या गाड्यांनीच दाखवलं आहे. १९९७ ते २००२ दरम्यानच्या टोयोटाच्या काही इंजिनांत, ज्यात चार सिलिंडरची कॅमरी आणि सिएना होती, तेलाचा चिखल होऊन इंजिनं बसू लागली. कंपनीचं म्हणणं पडलं की मालकांनी तेल वेळेवर बदललं नाही. मालक म्हणाले आम्ही बदललं होतं. शेवटी २००२ मध्ये कंपनीनं तेहेतीस लाख गाड्यांना आठ वर्षांचं संरक्षण दिलं, आणि कोर्टातलं प्रकरण २००७ मध्ये तडजोडीनं मिटलं. अशा भांडणात ज्याच्याकडे पावत्या असतात त्याची बाजू भक्कम. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे वॉरंटी टिकवायला डीलरकडेच गेलं पाहिजे असं बंधन कुणी घालू शकत नाही. तेल घरी बदला, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात. पण तारीख, मैल आणि तेल-फिल्टरच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. जुनी मिनीव्हॅन घ्यायला जाल तेव्हाही आधी हे पाकीट मागा, रंग आणि सीट नंतर बघा.

कोणतं तेल घ्यावं, यावर मात्र फार डोकं खाजवू नये. आपल्याकडे गाडी जुनी झाली की मेकॅनिक जाड तेल घालायचा, आणि 'जाड म्हणजे चांगलं' हे आपल्या मनात घट्ट बसलं आहे. इथल्या जानेवारीत जाड तेलाचं काय होतं ते पाहायचं तर गराजमध्ये तुपाची बरणी ठेवून बघा. डब्ल्यू म्हणजे विंटर. शून्य-डब्ल्यूचं तेल उणे पस्तीस सेल्सिअसला तपासतात, पाच-डब्ल्यूचं उणे तीसला. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच घ्या, आणि डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह पाहा. त्यात एसपी (२०२० पासून) किंवा एसक्यू (२०२५ पासून) असेल आणि मॅन्युअलनं आणखी काही मागितलं नसेल, तर दुकानाचं स्वतःचं स्वस्त तेलही चालतं. काही दुकानांत एसए असं लिहिलेलं फार स्वस्त तेल मिळतं, ते मात्र १९३० च्या आधीच्या गाड्यांसाठी आहे. सिंथेटिक की साधं, याबद्दल एएएनं २०१७ मध्ये चाचण्या केल्या, त्यांत सिंथेटिक सरासरी जवळजवळ पन्नास टक्क्यांनी सरस ठरलं. तेल काळं पडलं म्हणून ते संपलं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे.

आता फिल्टर. ऑइल फिल्टर मी तेलाबरोबर प्रत्येक वेळी बदलतो. तो तुंबला तर आतली झडप उघडून न गाळलेलं तेल इंजिनात जातं, आणि आठ-दहा डॉलरसाठी हा धोका कशाला? पहिल्यांदा घरी बदलला तेव्हा जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनालाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावर नवा फिल्टर बसवला. दोन मिनिटांत ड्राइव्हवेवर पाच क्वार्ट तेल. डाग अजून आहे, आणि घरात त्याचा उल्लेखही अजून होतो. हातमोजे घाला, वापरलेलं तेल त्वचेला वाईट. आणि ते गटारात ओतू नका. एक गॅलन तेल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं, असं ईपीए सांगते. बरीच ऑटो पार्ट्सची दुकानं ते फुकट परत घेतात.

दुकानात मळकट एअर फिल्टर समोर आणून "हा बघा, मायलेज जातंय" असं सांगतात. ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरनं मायलेज घटत नाही, वेग घेण्यात फरक पडतो, असं दिसलं. मॅन्युअलप्रमाणे बदला, भीतीनं नको. याउलट केबिन फिल्टर आपण विसरतो. ऑगस्ट-सप्टेंबरात रॅगवीडनं मुलं गाडीत शिंकत असतील तर आधी तो बघा. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांचं काम, पंधरा-वीस डॉलर. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही यातून सुटका नाही.

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी जास्त खर्च करत नव्हतो, कमीच करत होतो म्हणायचं!" आता त्यांचं तेल ऑक्टोबरात आणि एप्रिलात बदलायचं ठरलं आहे. दुकानातून बाहेर पडताना ते स्टिकर सोलून काढतात आणि मॅन्युअलच्या आतल्या पानावर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहितात.