न्यायमूर्तींना प्रश्न कोण विचारणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्या बचत गटात त्याची चर्चा रंगली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं आता मुंबईऐवजी तिथे जाणार. "म्हणजे आंबा घाट ओलांडला की हायकोर्ट!" एक वहिनी म्हणाल्या. त्यावर मिऱ्याच्या काकींनी विचारलं, "ते खरं गो, पण तिथे आणि दिल्लीला बसणारे न्यायाधीश निवडतं कोण? आपल्या सरपंचाला तरी गावासमोर उभं राहावं लागतं."

प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझी तारांबळ उडाली.

अमेरिकेत ही निवड उघड्यावर होते. सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, मग सिनेटची समिती त्या व्यक्तीला समोर बसवून प्रश्न विचारते. सगळं टीव्हीवर दिसतं. मैत्रिणींनो, मला तर हा आपल्याकडचा 'बघण्याचा कार्यक्रम'च वाटतो. पोह्यांची बशी पुढे करणारी मुलगी खरी कशी आहे, हे तिथे कुठे कळतं? हे उमेदवारही तसेच तयारीने येतात. "ते प्रकरण उद्या माझ्यापुढे येईल, म्हणून आज बोलणार नाही," हे ठरलेलं उत्तर. १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही बऱ्याच प्रश्नांना असंच उत्तर दिलं. मात्र गर्भपाताचा हक्क हा स्त्रीच्या समानतेचा प्रश्न आहे, हे त्या स्पष्ट बोलल्या. तरीही ९६ विरुद्ध ३ मतांनी त्या निवडून आल्या.

याची दुसरी बाजूही आहे. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिकेने लैंगिक छळाचा आरोप केला. थॉमस यांनी तो नाकारला. समितीत चौदाच्या चौदा पुरुष! साऱ्या देशासमोर उलटतपासणी झाली ती त्या बाईचीच. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायमूर्ती झाले. उमेदवारापेक्षा प्रश्न विचारणाऱ्यांचीच ओळख लोकांना जास्त झाली.

आपल्याकडे याच्या अगदी उलट. सरन्यायाधीश आणि सर्वांत ज्येष्ठ चार न्यायमूर्ती, म्हणजे 'कॉलेजियम', बंद दाराआड नावं ठरवतात. त्यालाही कारण आहे. १९७३ मध्ये सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून मर्जीतला सरन्यायाधीश नेमला, असा आरोप झाला. सरकारचा हात दूर राहावा म्हणून १९९३ च्या निकालाने ही पद्धत आली. २०१५ मध्ये नव्या आयोगाचा कायदाही न्यायालयाने रद्द केला. हेतू चांगला, पण दार बंद झालं ते आपल्यालाही.

त्याची किंमत कधी कधी लेकींना मोजावी लागते. नागपूरचं उदाहरण घ्या. १९ जानेवारी २०२१ ला उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीश पुष्पा गनेडीवाला यांनी निकाल दिला, की १२ वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श 'पॉक्सो' कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. दुसऱ्याच दिवशी, २० जानेवारीला, कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस केली! देशभर गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही रद्द केला. त्या पीठात आपल्या कोकणचे न्या. उदय लळित होते. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये गनेडीवाला यांनी राजीनामा दिला.

निकाल बाई देते की पुरुष, एवढ्यावर सगळं ठरत नाही, हेही यातून कळलं. तरी बायका तिथे असायला हव्यातच. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल आला, त्या पीठावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर होत्या. पण १९५० ते २०२१ या काळात सर्वोच्च न्यायालयात आलेल्या महिला अवघ्या ११. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे न्या. नागरत्ना एकट्याच होत्या. एका नावाला त्यांनी कॉलेजियममध्ये विरोध नोंदवल्याच्या बातम्या आल्या, पण प्रसिद्ध झालेल्या ठरावात त्यांचं म्हणणं नव्हतं. एकटीने विरोध केला, तो का, हे आपल्याला कळू नये?

मला टीव्हीवरचा तमाशा नको. न्यायाधीशाने मतांसाठी कोणापुढे हात जोडावेत, हेही नको. पण अमका माणूस का निवडला, त्याचे कोणते निकाल वाचले, बायका-मुलांच्या प्रकरणांत तो काय म्हणाला, एवढं कागदावर लिहून जाहीर करायला काय हरकत आहे? अंगणवाडी सेविकेच्या निवडीलासुद्धा गुणांची यादी लागते!

आणि आपणही थोडं वाचायला शिकू या. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीतून वाचायला मिळतात. माणूस मुलाखतीत गोड बोलेल, पण निकालाच्या कागदावर त्याचं मन उतरतंच. पुढच्या बैठकीत आम्ही 'विशाखा' निकाल वाचणार आहोत. काकींनी चष्मा आणायचं कबूल केलंय!