मोजपट्टी मालकाची, मन कामगाराचे

अमेरिकेत नोकरी मागणाऱ्या माणसाचे मन कागदावर मोजण्याचा उद्योग गेली अनेक दशके फोफावला आहे. त्यातील सुप्रसिद्ध मिनेसोटा चाचणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. ती रुग्णांसाठी होती. पुढे ती पोलीस भरतीपर्यंत पोहोचली. तिच्यातला ‘सामान्य माणूस’ कोण? विद्यापीठाच्या रुग्णालयात भेटीस आलेले, जवळजवळ सर्वच गोरे, मिनेसोटावासी. १९८९ साली सुधारित आवृत्ती येईपर्यंत साऱ्या देशाला हेच माप लावले गेले.

टीका वाढताच संख्याशास्त्राला साक्षीला बोलावण्यात आले. दोन गटांतील समान गुणांची माणसे समोरासमोर ठेवायची आणि एकेका प्रश्नावर त्यांची उत्तरे वेगळी पडतात काय, हे पाहायचे. मँटेल व हेन्झेल यांची १९५९ सालची, रोगांच्या अभ्यासासाठी मांडलेली पद्धत हॉलंड व थेयर यांनी १९८८ साली या कामी लावली.

अशा छाननीचे मोल नाकारता येणार नाही. खिन्नता मोजणाऱ्या वीस प्रश्नांच्या एका प्रश्नावलीची न्यू हेवनमधील वृद्धांच्या उत्तरांवरून केलेली छाननी २००० साली प्रसिद्ध झाली. इतर लक्षणे सारखी असूनही, लोक आपल्याशी फटकून वागतात, या आशयाच्या विधानांना कृष्णवर्णीयांनी अधिक होकार दिला होता. वर्णद्वेष सोसणाऱ्याने सत्य सांगितले आणि चाचणीने ते त्याच्या आजाराच्या खात्यावर मांडले!

परंतु या पद्धतीची मर्यादा तिच्या पायातच आहे. ती प्रत्येक प्रश्न त्याच चाचणीच्या एकूण गुणांशी ताडते. दुकानातील सगळीच वजने सारखी हलकी असतील, तर एक वजन दुसऱ्याशी ताडून लबाडी सापडेल काय? शिवाय तुलनेचे गट संशोधक ठरवतो. अर्जात वर्गाचा रकानाच नसेल, तर वर्गीय पक्षपात गणितात उमटणार कोठून? तरीही चार प्रश्न गाळून ‘चाचणी निर्दोष’ असा दाखला मिरवला जातो.

कृष्णवर्णीयांना अधिक प्रमाणात वगळणारी चाचणी कामाशी संबंधित आहे, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज खटल्यात दिला. हेच तत्त्व पुढे नेले पाहिजे. प्रश्न, गुणांकन आणि गटवार उत्तरांची आकडेवारी कामगार संघटनांसमोर खुली झाली पाहिजे. आकडेमोडीचे शास्त्र मालकाच्या तिजोरीत राहील तोवर ते त्याचीच साक्ष देणार. ते श्रमिकांनी आपल्या हाती घ्यावे आणि मोजणाऱ्यालाच मोजावे.