घरचें दप्तर आणि घरचा सर्व्हर

वसईहून एका वाचक-भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. त्यांच्या घरीं एका पेटींत पणजोबांपासूनचीं पत्रें, मोडी जमाखर्चाच्या वह्या, मुंजी-लग्नांच्या पत्रिका असा बराच संग्रह आहे. वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची आहे. भाऊबंद पुणें, नागपूर, बडोदें असे पांगलेले. आणि पेटी कोणीं न्यावी यावरून वाद पडला आहे. थोरला नातू म्हणतो, सर्व कागदांचीं छायाचित्रें घेऊन घरच्याच जुन्या संगणकावर वेब-सर्व्हर बसवूं, आणि तोहि मूळ संहितेपासून स्वतः रचूं. वडील मंडळींस हा पोरखेळ वाटतो. फुकट मिळालेल्या वस्तूवर कुलाचें दप्तर सोपवावें काय, असा भगिनींचा प्रश्न आहे.

वेब-सर्व्हर म्हणजे कांहीं अवजड यंत्र नव्हे. ती एक आज्ञावली. कोणी अमुक पान मागितलें कीं तें काढून त्याच्या हातीं द्यावयाचें, एवढेंच तिचें काम. ग्रंथालयाच्या खिडकीशीं बसणारा कारकून डोळ्यांपुढें आणावा. नातवानें जी निवडली आहे ती 'अपॅची' नांवाची आज्ञावली अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत जन्मलेल्या एका जुन्या आज्ञावलीवरून निघाली. मूळ कर्ता १९९४ सालीं तें काम सोडून गेला, आणि ठिकठिकाणच्या वापरणारांनीं आपापल्या दुरुस्त्या एकत्र करून १९९५ च्या एप्रिलांत पहिली आवृत्ति काढली. ठिगळांचा सर्व्हर अशी त्या नांवावर कोटीहि झाली. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला आपल्या देशांत सामान्य जनांसाठीं इंटरनेट खुलें झालें.

येथें फुकट हा शब्द दिशाभूल करितो. महत्त्वाची गोष्ट ही कीं, मूळ संहिता कोणासहि वाचावयास मोकळी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. त्या आवृत्तींत पाठभेद पानाखालीं छापलेले असल्यामुळें संपादकांचा निर्णय कोणाहि अभ्यासकास तपासतां येतो. ही मोकळीक त्याच जातीची आहे. उलट, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें सगळीं छायाचित्रें एका कंपनीच्या सेवेवर ठेविलीं. कंपनीनें ती सेवा बंद केली, सूचना कोणाच्या वाचनांत आली नाहीं, आणि आजींचें एकुलतें एक छायाचित्र गेलें.

आतां कृति. अपॅचीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून संहितेचें गांठोडें उतरवून घ्यावें. त्यासोबत चौसष्ट चिन्हांची एक खूण दिलेली असते. आपल्या संगणकाकडून उतरलेल्या गांठोड्याची खूण काढवून ताडून पाहावी. आंत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण सगळीच पालटते. घनपाठी पदें उलटसुलट म्हणतो त्यांत हाच हेतु आहे : अक्षर घसरलें कीं तें लपत नाहीं. तथापि जो गांठोडें बदलील तो शेजारची खूणहि बदलूं शकेल, म्हणून कर्त्यांची अंकीय सही पडताळावी. ही पायरी मुलें गाळतात. वडिलांनीं तेवढ्यापुरतें जवळ बसावें.

मग गांठोडें सोडून 'कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावी. ती संगणकाची झडती घेते : कंपायलर आहे काय, आधाराच्या इतर संहिता आहेत काय. एखादी नसल्यास तसें सांगून थांबते. चुलीशीं बसण्यापूर्वीं डबे उघडून पाहणाऱ्या गृहिणीस यांत नवल वाटणार नाहीं. नंतर 'मेक'; हिनें सी भाषेंतील संहितेचें यंत्रभाषेंत रूपांतर होतें. शेवटीं 'मेक इन्स्टॉल', म्हणजे तयार वस्तु जागच्या जागीं लावणें. रूटचा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, अधिकार बहुधा या शेवटच्या पायरीसच लागतो. आधींच्या दोन साध्या वापरकर्त्याच्या नांवानें कराव्या. व्यवस्थेच्या फाइलींत दाराचा क्रमांक लिहावयाचा असतो. नेहमींच्या ८० क्रमांकास रूटचा अधिकार लागतो, म्हणून घरापुरतें ८०८० पुरे. ती फाइल अगोदर तपासण्याचीहि आज्ञा आहे. चुकलेली ओळ क्रमांकासह दिसते. इतक्यावरहि सर्व्हर उठला नाहीं तर चुकांच्या नोंदवहींत कारण सांपडतें.

आमचें मत विचाराल तर नातवास हें करूं द्यावें. एरवीं लिनक्सबरोबर मिळणारी तयार अपॅची कामास पुरेशी आहे, आणि तिच्या सुधारणा बहुतेक आपोआप येतात. स्वतः रचलेलीस ती सोय नाहीं. नवी आवृत्ति निघाली, विशेषतः एखादें छिद्र बुजविण्यासाठीं निघाली, कीं पुनः सर्व कृति करणें त्याच्याच माथीं येतें. परीक्षेच्या दिवसांत हें कोण पाहील तें त्यानें आधींच सांगावें.

पहिलें वर्षभर सर्व्हर घराच्या भिंतींआंतच ठेवावा. रस्त्यावरचें दार उघडलें कीं कुलूप, परवलीचे शब्द, गुप्तसंदेशाची व्यवस्था हें सर्व आलें. त्याची घाई नको. पांगलेल्या भाऊबंदांस डिस्कवर एकेक प्रत पाठवावी. वसईच्या पावसाळ्यांत वीज जाणें नवें नाहीं, आणि संगणक बिघडला तर दूरची प्रत कामास येते. सर्व्हर उत्तम चालला म्हणून प्रतींचें काम टळत नाहीं, हें वडिलांच्या बाजूनें आम्हांस सांगितलेंच पाहिजे.

पेटी कोणीं न्यावी याचा निवाडा आम्हीं करणें उचित नव्हे. परंतु छायाचित्रें पुरीं होईपर्यंत ती वसईबाहेर जाऊं देऊं नये. मोडी वह्या उलगडतांना जाणता मनुष्य जवळ असावा, आणि वाड्याचीं कौलें उतरण्यापूर्वीं हें काम संपवावें.