आधी अंदाज, मग ‘सुरू’

कॉम्प्युटर गेम म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या येतात. पण सगळे गेम एकाच माळेचे मणी नसतात. १९९३ साली अमेरिकेतल्या सिएरा कंपनीने ‘द इन्क्रेडिबल मशीन’ नावाचा गेम आणला. तो मला विज्ञानाच्या तासाच्या फार जवळचा वाटतो.

रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) हा इंजिनिअरिंग शिकलेला अमेरिकन व्यंगचित्रकार. एवढ्याशा कामासाठी भलंमोठं यंत्र, ही त्याच्या चित्रांची गंमत. एका चित्रात सूपचा चमचा तोंडाशी नेला की दोरी ओढली जाते, पोपट उडी मारतो, असं होत होत शेवटी रुमाल हनुवटी पुसतो! गेममध्येही तेच. चेंडू टोपलीत पाडा, फुगा फोडा असं काम दिलेलं असतं. बाजूला दोरी, कप्पी, सी-सॉ, कात्री, मेणबत्ती. पिंजऱ्याला धक्का बसला की आतला उंदीर पळतो, चाक फिरतं आणि पट्ट्यावरून पुढचं यंत्र चालू होतं. वस्तू मांडायच्या आणि ‘सुरू’ करायचं.

आपल्याकडे सहावीत ‘साधी यंत्रे’ शिकवताना मुलं तरफेची व्याख्या पाठ करतात, पण तरफ कामाला लावत नाहीत. गेममध्ये व्याख्या कुणी विचारत नाही. चुकलं तर लाल शेरा नाही, चेंडू नुसता बाजूने निघून जातो. आणि एका कोड्याची उत्तरं बऱ्याचदा अनेक असतात. गाईडमध्ये उत्तर शोधायची सवय लागलेल्या मुलांना हे नवीनच!

पण मुलांच्या हाती कॉम्प्युटर दिला की ती आपोआप शिकतात, हे मला पटत नाही. वस्तू इकडेतिकडे सरकवूनही कोडं सुटतं, डोकं न लावता. म्हणून ‘सुरू’ दाबण्याआधी विचारायचं, “आता काय होईल? का?” माऊस नेहमी एकाच धीट मुलाकडे जातो, तेव्हा अंदाज सांगायचा मान दुसऱ्याला. उत्तर एका वाक्यात वहीत.

शाळेत कॉम्प्युटर बंद असेल तरी अडत नाही. फूटपट्टी, खोडरबर, रिकामं रीळ, गोट्या, पुस्तकांची उतरण आणि शेवटी एक वाटी. उलट इथे जास्त शिकायला मिळतं. गोटी खरखरीत पुठ्ठ्यावर मध्येच थांबते, मग घर्षण समजावून सांगावं लागत नाही. एक तास यातच जातो आणि वर्गात आरडाओरडा होतो, हे खरं. शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी सांगून ठेवा.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत गोटी वाटीत पडली की नाही, हे मी लिहीत नाही. मुलाचा अंदाज आणि त्याने दिलेलं कारण, एवढंच लिहिते.