कोच कारखाना आणि भाड्याची खोली

हरंगुळ येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याच्या निमित्ताने जो बांधकाम मजूरवर्ग बाहेरून येईल, त्याच्या निवाऱ्याचा भार लातूर-मुरुडच्या भाडेकरूंवर न पडता मक्तेदारानेच उचलला पाहिजे, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे.

शिकवणीसाठी येणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांमुळे लातुरातील खोल्यांना आधीच मागणी असताना, दहा-बाय-बाराच्या एका खोलीत पाळीपाळीने निजणारे आठ मजूर माणशी वर्गणी काढून जे भाडे देऊ शकतात, ते आडतीवरील हमालाने एकट्याच्या मिळकतीतून देणे केवळ अशक्य होय. आणि अकरा महिन्यांचा करारनामा संपताच घरमालक कोणाची निवड करील, हे सांगावयास ज्योतिषी नको. मजुराचा यात दोष नाही. त्या कोंदट खोलीत आठ जणांत एका नळावर दिवस काढणारा तोही नाडलाच जातो. आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणवावे लागलेल्या शहरात नळाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

कामाच्या जागी वा तिच्या नजीक, स्वयंपाक, स्नान व शौचाच्या सोयींसह विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याचे बंधन 1996 च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या मालकावर घातले होते. तेव्हा तत्त्व नवे नाही, कसूर अंमलबजावणीत होते.

म्हणून रेल्वे प्रशासनाने मक्त्याचे प्रत्येक देयक अदा करण्यापूर्वी कामगार खात्याकरवी निवाऱ्याची समक्ष तपासणी करवावी, तिचा अहवाल जिल्हाधिकारी कचेरीत दाखल करावा, आणि तशी तजवीज होईपर्यंत मजुरांची एकही नवी तुकडी हरंगुळात उतरवू नये.