फी माफ झाली, मेसचे बिल बाकी आहे

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक चांगला निर्णय घेतला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे सरकारने उचलले. त्याआधी निम्मी सवलत होती. पण उरलेली निम्मी फी भरायची वेळ नेमकी येते ती घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो तेव्हा. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, सोयाबीन बाजारात जाते दसरा-दिवाळीला. मधल्या काळात सावकार तरी गाठावा लागतो, नाहीतर दोन भावंडांपैकी एकाचे शिक्षण थांबवावे लागते. आणि थांबते ते बहुधा मुलीचे. सरकारने फी भरणे म्हणजे या घरगुती निवाड्यात मुलीच्या बाजूने उभे राहणे आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप महात्मा फुल्यांचा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी ठामपणे मांडले होते की, शेतकऱ्यांच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळांची आजची अवस्था पाहता हे बोलणे अजून झोंबते. मात्र फुल्यांची तक्रार मूलतः पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, याविषयी होती. आज साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर जीएसटी भरणाऱ्या मजुराची मुलगी इंजिनिअर होत असेल, तर करदाता आणि लाभार्थी एकाच घरातले ठरतात. म्हणूनच उत्पन्नाची अट हवी. सरसकट सर्वांना माफी देण्याला माझा विरोध आहे, कारण ऐपतदारांची फी भरण्यात गेलेला पैसा प्राथमिक शाळेच्याच वाट्यातून जाईल. सरकार पैसे देते म्हटल्यावर खासगी संस्था फी वाढवतील, ही भीतीही खरी आहे. पण २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण त्यासाठीच नेमले आहे. त्याने संस्थांचे हिशेब कडकपणे तपासावेत.

खरी उणीव वेगळीच आहे. फी माफ झाली तरी कॉट बेसिसवरची खोली, मेसचे बिल आणि गावी येण्याजाण्याचे भाडे उरतेच. राजर्षी शाहूंनी हे केव्हाच ओळखले होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत त्यांनी १९१७ मध्ये केले, पण कोल्हापुरात वसतिगृह उभारायला १९०१ मध्येच सुरुवात केली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर कॉलेजचे दार उघडे असूनही तो आत येऊ शकत नाही. आज पंजाबराव देशमुखांच्या नावे वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आंबेडकरांच्या नावे स्वाधार योजना आहे. या रकमा त्या त्या शहरातल्या खोलीभाड्याशी जोडाव्यात आणि पहिला हप्ता कॉलेज सुरू होते त्याच महिन्यात खात्यावर जमा करावा. मेसवाला वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही.